टाइप-सी आलं, पण भांडण जुनंच: दौंडचे रूळ, चार सुती बोल्ट आणि ‘एकच माप’ ठरवण्याची गोष्ट

रील्स काढायला घेतलेला स्वस्तातला ट्रायपॉड घरात असेल तर तो एकदा हातात घ्या. मोबाइल होल्डर काढून खालचा छोटा स्क्रू नीट बघा. त्याची जाडी पाव इंच आहे, आणि एका इंचात बरोबर २० आटे आहेत. ट्रायपॉड शिरूरच्या बाजारातून घ्या, पुण्यातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, आणि त्यावर हजार रुपयांचा होल्डर लावा नाहीतर लाखाचा कॅमेरा; स्क्रू बसतोच. कुणी विचारत नाही की ‘तुमचा कुठल्या कंपनीचा?’

पाव इंचाला वीस आटे हा आकडा १८४१ सालचा आहे. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती आणि आपल्याकडे रेल्वेही आलेली नव्हती.

आता दुसरी वस्तू बघा, चार्जर. मोबाइल टाइप-सी, केबल टाइप-सी, चार्जरही टाइप-सी. तरी मित्राच्या चार्जरला लावल्यावर फोन गोगलगायीच्या वेगाने चार्ज होतो, आणि तुमच्या केबलवर त्याचा लॅपटॉप चार्जच होत नाही. भोक एक झालं, पण आतला व्यवहार एक झालेला नाही.

स्क्रूचं भांडण दीडशे वर्षांपूर्वी कसं मिटलं आणि चार्जरचं अजून का मिटत नाही, हे समजून घ्यायला सिलिकॉन व्हॅलीपर्यंत जायची गरज नाही. दौंड जंक्शनपर्यंत गेलं तरी पुरतं.

मामांची मोटर आणि चार सुती बोल्ट

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत शिरूर तालुक्यात मामांकडे गेलो होतो. कांद्याला पाणी द्यायचे दिवस होते आणि विहिरीवरच्या जुन्या पंपाचा एक बोल्ट तुटला. मामा म्हणाले, “अरे, तू इंजिनिअर ना? जा, बोल्ट घेऊन ये.” तुटलेला तुकडा खिशात टाकून मी दुकानात गेलो आणि डोळ्यांनी जुळवून एक बोल्ट आणला.

दोन फेरे तो छान गेला, मग अडकला. मला वाटलं गंज असेल. पान्याला पाइप लावून जोर दिला. कर्र आवाज आला आणि पंपाच्या भोकातले आटेच गेले.

संध्याकाळी मिस्त्री आले. बोल्ट बोटांत फिरवला आणि म्हणाले, “दादा, हा बारा एमएमचा आहे. भोक चार सुती. दिसायला सारखंच, पण आटा वेगळा.” पंपाची ती बाजू सोडवून वर्कशॉपला न्यावी लागली, नवीन टॅप मारावा लागला. तीन दिवस पाणी बंद. मामा मला काही बोलले नाहीत, पण कांद्याकडे बघत ज्या पद्धतीने गप्प बसले ते अजून आठवतं.

नंतर मी हिशोब केला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. बारा एमएमच्या बोल्टपेक्षा फरक फक्त ०.७ मिलिमीटरचा. पण खरी गडबड आट्यांमधल्या अंतरात होती. जुन्या ब्रिटिश अर्ध्या इंची बोल्टला इंचात १२ आटे, म्हणजे दोन आट्यांत सुमारे २.१२ मिलिमीटर अंतर. मेट्रिक बाराच्या साध्या बोल्टला ते अंतर १.७५ मिलिमीटर. पहिले एक-दोन फेरे फरक खपून जातो, पुढे तो साठत जातो आणि आटे एकमेकांवर चढतात.

सॉफ्टवेअरमध्ये काम करायला लागल्यावर असाच प्रकार कितीदा तरी पाहिला. दोन सिस्टिम ‘जवळजवळ’ सारख्या असल्या की सुरुवातीला सगळं चालतं, आणि घोळ नंतर, भलत्याच ठिकाणी बाहेर येतो. पूर्ण वेगळं असतं तर निदान बसलंच नसतं.

प्रत्येक कारखान्याचा वेगळा स्क्रू

१८०० च्या आसपास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी स्क्रू कापायचं अचूक लेथ बनवलं. त्याआधी आटे बरेचसे हातानेच पाडले जायचे. एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला बसेल याची खात्री नसायची, म्हणून यंत्र उघडताना कुठला नट कुठला हे खुणा करून ठेवावं लागायचं.

लेथ आल्यावर प्रत्येक कारखाना अचूक आटे पाडायला लागला, पण प्रत्येकाचं माप वेगळं. म्हणजे अचूकता आली, एकसारखेपणा आला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, लेखात पुढे परत लागेल.

मॉडस्ले यांच्याकडेच काम केलेल्या जोसेफ विटवर्थ यांनी वेगळी वाट धरली. ‘माझा स्क्रू सर्वांत चांगला, तोच वापरा’ असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश धरला. पाव इंचाला २० आटे, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८, असं कोष्टक बनवलं. १८४१ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढे निबंध वाचून ते सगळ्यांसमोर ठेवलं.

सरासरी असल्यामुळे कुणालाच पूर्ण हरल्यासारखं वाटलं नाही. प्रत्येकाला थोडं सरकावं लागलं, पण फार नाही. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वोत्तम आटा होता का? तसं नाही. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा सुचवला, जो बनवायला आणि तपासायला सोपा होता. अमेरिका तिकडे गेली, ब्रिटन आणि त्याच्या वसाहती विटवर्थकडे राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या दोन फौजांचे नट-बोल्ट एकमेकांना बसेनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांवर समेट केला.

ट्रायपॉडचा स्क्रू यातून वाचला, कारण पाव इंचाला वीस आटे हा आकडा दोन्हीकडे एकच होता. कोनात पाच अंशांचा फरक, पण इतक्या छोट्या स्क्रूत तो चालून जातो.

तुमच्या घरातली राणीच्या काळची मापं

भारतात वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ मध्ये झाला. तरी शिरूर-दौंडमधल्या कुठल्याही घरात जुनी मापं आरामात नांदतात.

नळ बघा. ‘अर्धा इंची’ पाइपचे आटे विटवर्थच्याच ५५ अंशांचे, इंचाला १४. हाच ब्रिटिश पाइप आटा आज आंतरराष्ट्रीय मानकातही आहे आणि भारतीय मानकातही. गंमत म्हणजे त्या पाइपच्या आट्यांची बाहेरची जाडी २०.९५ मिलिमीटर भरते, म्हणजे पाऊण इंचापेक्षा जास्त. ‘अर्धा इंच’ हा जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीचा आकडा होता. पाइप बदलले, नाव तसंच राहिलं.

मोटर जळली की वाइंडिंगवाला विचारतो, “किती गेजची तार?” हे गेज म्हणजे ब्रिटनने १८८४ मध्ये लागू केलेलं स्टँडर्ड वायर गेज. नंबर वाढला की तार बारीक होते: २० गेज म्हणजे ०.९१४ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७११. त्याआधी वेगवेगळ्या तार कारखान्यांची वेगवेगळी गेज होती. टेलिग्राफच्या तारा गावोगाव जायला लागल्यावर हा गोंधळ परवडेना.

आणि गुंठा! प्लॉटच्या जाहिरातीत १०८९ चौरस फूट हा विचित्र आकडा कुठून येतो, असं कधी वाटलं का? इंग्रजी मोजणीची साखळी ६६ फुटांची. तिची अर्धी ३३ फूट. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज मोजणी रोव्हरने, सॅटेलाइटच्या आधाराने होते. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. पण सौदा गुंठ्यातच होतो.

एकदा माप लोकांच्या तोंडात, हत्यारांत आणि कागदांत बसलं की कायदा बदलून ते जात नाही. त्याला जायला पिढ्या लागतात.

रुळांचं भांडण

आता दौंड. पण त्याआधी इंग्लंडमधला एक प्रसंग.

जॉर्ज स्टीफन्सन यांच्या रुळांमधलं अंतर ४ फूट साडेआठ इंच होतं, म्हणजे १४३५ मिलिमीटर. इझम्बार्ड ब्रुनेल यांनी ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी सात फुटांहून किंचित जास्त ठेवलं. रूळ रुंद, गाडी स्थिर, वेग जास्त. दोन मापं ग्लॉस्टरला येऊन भिडली. तिथे प्रत्येक पोतं, पेटी आणि प्रवासी एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागायचा.

१८४५ मध्ये सरकारने आयोग नेमला. चाचण्या झाल्या, त्यात ब्रुनेलच्या रुंद रुळांवरची इंजिनं सरस ठरली. तरीही निकाल स्टीफन्सनच्या बाजूने लागला, कारण त्याच्या मापाचे सुमारे १९०० मैल रूळ आधीच टाकून झाले होते आणि ब्रुनेलचे २७४. १८४६ चा कायदा त्या आकड्यावर झाला. ग्रेट वेस्टर्नने शेवटचा रुंद रूळ मे १८९२ मध्ये उखडला.

तंत्र चांगलं असून हरलं. ज्यांना व्हीसीआर, ब्लॅकबेरी वगैरे गोष्टी आईवडिलांकडून ऐकून माहीत आहेत त्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही.

हे भांडण जवळून पाहिलेला एक माणूस पुढे भारतात गव्हर्नर जनरल म्हणून आला: लॉर्ड डलहौसी. इंग्लंडमध्ये रेल्वेचा कारभार ज्या खात्याकडे होता तिथे त्याने काम केलं होतं. भारतात सुरुवातीपासून एकच माप हवं, हे त्याने धरून ठेवलं. त्याचं मत सहा फुटांकडे होतं. शेवटी ठरलं पाच फूट सहा इंच, १६७६ मिलिमीटर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी याच मापावर धावली. पुण्याच्या पुढे दौंडवरून बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, इथपर्यंत १८५९ मध्ये आणि सोलापूरपर्यंत १८६० मध्ये रूळ गेले, तेही याच मापाचे.

मग १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या सरकारने ठरवलं की इतके रुंद रूळ महाग पडतात, नव्या सरकारी मार्गांसाठी मीटरगेज वापरू. एक मीटरच का? कारण तेव्हा भारतात मेट्रिक मापं आणायचा विचार चालू होता. मेट्रिक आलं ८६ वर्षांनी. मीटरगेज मात्र लगेच आलं. पैसे वाचले, हे खरं. अनेक भागांत स्वस्त रुळांमुळेच रेल्वे पोचली, हेही खरं. पण एका देशात दोन मापं झाली, आणि नंतर छोट्या मार्गांसाठी आणखी अरुंद मापं आली.

दौंडला काय झालं

इंग्रजी कागदांत ‘धोंड’ असं लिहिलेलं हे स्टेशन या सगळ्याचं चालतंबोलतं उदाहरण आहे.

दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये पूर्ण झाला. तो सरकारी मार्ग होता आणि काळ मीटरगेजच्या धोरणाचा. तरी तो ब्रॉडगेज झाला. नकाशा बघितला तर कारण दिसतं. मनमाडला मुंबईहून उत्तरेकडे जाणारी ब्रॉडगेज, दौंडला मुंबईहून दक्षिणेकडे जाणारी ब्रॉडगेज. हा मार्ग या दोघींना जोडणारा दुवा. तो मीटरगेज केला असता तर उत्तरेतला माल मनमाडला एकदा उतरवायचा-चढवायचा, आणि दौंडला परत एकदा. हा सगळा काळ १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाचा होता. धान्याचं पोतं दोनदा कमी हाताळावं लागणं म्हणजे काय, हे त्या वर्षांत कुणाला समजावून सांगायची गरज नसणार.

उलट उदाहरणही दौंडलाच आहे. १९१४ मध्ये दौंडहून बारामतीला गाडी सुरू झाली ती अडीच फुटी नॅरोगेजवर. बारामतीचा माल दौंडपर्यंत यायचा आणि तिथे हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत जायचा. पुढे हा मार्गही ब्रॉडगेज झाला. पुण्याहून मिरजेकडे जाणारा मार्ग मीटरगेज होता, तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बदलला. १९९२ मध्ये रेल्वेने ‘प्रोजेक्ट युनिगेज’ हाती घेतला, म्हणजे देशभर एकच माप. मेयोंच्या काळात वाचवलेल्या पैशांचं बिल सव्वाशे वर्षांनी आलं, आणि ते भरलं दुसऱ्याच लोकांनी.

नॅरोगेजवाल्यांनी मूर्खपणा केला असंही म्हणता येत नाही. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू करणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अडीच फुटी मार्गासाठी एक शिस्तशीर नियम केला: इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि तरी डबे मोठे बनवता आले. आपल्या कुंपणाच्या आत ते उत्तम मानक होतं. अडचण कुंपणाच्या दारात यायची, कुर्डुवाडीला.

दौंडची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दोन्ही मार्ग एकाच मापाचे असूनही पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. कारण मनमाडचा मार्ग दौंड स्टेशनला पुण्याच्या बाजूने येऊन मिळतो. मनमाड-सोलापूर जाणाऱ्या गाडीला ते सरळ पडतं, पुणे-नगरच्या प्रवाशाला मात्र उलटं. हा त्रास कमी करणारी दौंड कॉर्ड लाइन अगदी अलीकडची. जोडणी ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर उत्तर-दक्षिण मालवाहतूक होती. मानक एक असलं तरी आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण आहे, यावर सोय कुणाची होणार हे ठरतं.

आणि शिरूर? पुणे-नगर रस्त्यावरचं जुनं लष्करी ठाणं, पण एकही रूळ शिरूरमधून गेला नाही. दौंडहून निघालेला मार्ग श्रीगोंद्याकडून नगरला गेला. रुळांचं माप एकच ठरलं म्हणून सगळ्यांना रेल्वे मिळाली, असं काही झालं नाही. आज शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत गाड्या बनतात, टीव्ही-फ्रिज बनतात, आणि त्यांचा माल रस्त्याने जातो.

१९०१: मापांची समिती

एकेका माणसाने कोष्टक बनवायचा काळ १९०१ मध्ये संपला. सर जॉन वुल्फ बॅरी यांच्या पुढाकाराने इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने लोखंड-पोलादाच्या मापांसाठी समिती नेमायचं ठरवलं. तारीख होती २२ जानेवारी १९०१. योगायोग असा की व्हिक्टोरिया राणीचं निधन त्याच दिवशी झालं. या समितीने पोलादी सेक्शनचे १७५ प्रकार ११३ वर आणले, ट्रामच्या रुळांचे ७५ प्रकार थेट ५ वर. आजच्या ब्रिटिश मानक संस्थेची सुरुवात ही.

याच समितीने लगेच, १९०३ पासून, भारतीय रेल्वेसाठी प्रमाणित इंजिनांचे आराखडे केले. भारतातल्या वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांना त्याचा फायदा झाला, सुटे भाग सोपे झाले. पण ठरवलं लंडनमध्ये, आणि इंजिनं बहुतेक बनली ब्रिटनच्या कारखान्यांत. आपल्या हातात मापं ठरवण्याचं काम आलं १९४७ मध्ये, इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन सुरू झाल्यावर. हेल्मेटवर, गॅसच्या शेगडीवर दिसणारी आयएसआय खूण त्यांचीच. त्या संस्थेचं काम आता भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस करतं.

आता टाइप-सी कडे

युरोपीय महासंघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचं केलं. लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६. ॲपलने त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ ला टाइप-सी दिलं. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याच्या बैठकीत स्मार्टफोनसाठी टाइप-सीवर सहमती झाली आणि बीआयएसने टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: मानक प्रसिद्ध होणं आणि ते सक्तीचं होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

मग गाडी अडली कुठे? मॉडस्लेच्या लेथनंतर जे झालं तेच. अचूकता आहे, एकसारखेपणा अर्धवट आहे.

टाइप-सी हे फक्त भोकाचं आणि पिनचं माप. त्यातून किती वीज जाणार, हे फोन आणि चार्जर आपसांत बोलून ठरवतात. ती बोलायची सर्वमान्य भाषा आहे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी. पण बऱ्याच कंपन्यांच्या फास्ट चार्जिंगची स्वतःची खासगी भाषा असते. भाषा जुळली नाही तर दोघं सर्वांत सुरक्षित, म्हणजे सर्वांत हळू वेगावर येतात. केबलचंही तसंच. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल ६० वॉटपर्यंत, आत ओळख सांगणारी चिप असलेली २४० वॉटपर्यंत. डेटाच्या बाबतीत एक केबल ४८० एमबीपीएसवर थांबते, दुसरी त्याच्या कित्येक पट जाते. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. माझ्या चार सुती भोकात गेलेला बारा एमएमचा बोल्ट हाच.

फरक एवढाच की इथे आटे जात नाहीत, खिसा जातो. युरोपच्या नियमात म्हणूनच एक कलम आहे: १५ वॉटच्या वर फास्ट चार्जिंग देणाऱ्या फोनला पीडी यायलाच हवं. आपल्याकडच्या चर्चेत भोकाबद्दल खूप बोललं गेलं, भाषेबद्दल कमी. माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकू. त्या म्हणतात, एकच मानक लादलं तर नवीन काही येणार नाही. यात तथ्य आहे. ब्रुनेलचे रूळ खरंच चांगले होते. पण पीडी हे काही गोठलेलं मानक नाही, त्याच्या आवृत्त्या येत राहतात. नवीन भाषा हवी तर आणा, फक्त सर्वमान्य भाषाही पूर्ण वेगाने बोला, एवढीच मागणी आहे.

पुढचं भांडण रस्त्यावर

रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या भागात कामाला जाणारे अनेक जण आता इलेक्ट्रिक स्कूटर घेतात. तिच्या चार्जिंगचा प्लग कुठला, हे घेताना फार कमी जण विचारतात. २०२३ मध्ये बीआयएसने हलक्या ई-वाहनांसाठी कनेक्टरचं भारतीय मानक केलं. एथर कंपनीने तयार केलेला प्लग त्याचा आधार आहे, आणि हिरोच्या विडानेही तोच घेतला. पण इतर काही कंपन्यांचे प्लग वेगळे आहेत.

म्हणजे आपण सध्या १८४५ च्या आयोगासारख्या वळणावर आहोत. जेव्हा केव्हा निर्णय होईल तेव्हा ‘कुणाचा प्लग चांगला’ यापेक्षा ‘कुणाचे जास्त लागलेत’ हे मोजलं जाण्याची शक्यता जास्त. आणि जो प्लग हरेल त्याची स्कूटर घेतलेला माणूस शिक्रापूरच्या चौकात चार्जिंग शोधत उभा राहील. त्याने काही ठरवलेलं नव्हतं, बिल मात्र त्याच्याच नावावर.

मग आपण काय करायचं?

चार्जर घेताना बॉक्सवर ‘पीडी’ लिहिलंय का ते बघा. तुमचा फोन पीडीवर किती वॉट घेतो हे कंपनीच्या माहितीपानावर शोधा. ‘८० वॉट फास्ट चार्जिंग’ हा मोठा आकडा बहुधा त्यांच्याच चार्जरवरचा असतो.

केबलवर ६० किंवा २४० वॉट छापलेलं असेल अशीच घ्या. काहीच छापलेलं नसेल तर ती फक्त चार्जिंगची साधी केबल आहे असं धरा.

चार्जरवरचा आर-नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तपासा. दोन मिनिटं लागतात.

ई-स्कूटर घेण्याआधी तुमच्या रोजच्या रस्त्यावरचे चार्जिंग पॉइंट प्रत्यक्ष जाऊन बघा, कुठला प्लग लागतो ते विचारा.

आणि शेवटचं. भारतीय मानकं बीआयएसच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात, आणि नव्या मानकांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी तिथे ठेवले जातात. १८७० मध्ये मीटरगेज ठरताना दौंडच्या हमालाला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं जातंय, निदान विचारायची जागा तरी आहे. तिथे कंपन्यांचे लोक नेमाने लिहितात. वापरणाऱ्यांनीही लिहिलं तर काय बिघडलं?

मामांच्या पंपावर त्या वेळी नवीन आटा पाडला तो मेट्रिक बाराचा नव्हे, परत चार सुतीच. मी मिस्त्रींना विचारलं, “आता नवीनच करा की.” ते म्हणाले, “दादा, बाकीचे तीन बोल्ट चार सुती आहेत. पुढच्या वेळी रात्री अंधारात कोण शोधत बसणार, कुठला कुठला ते?”